बुधरीचं सोंग

ज्या मुलीमुळे सायमा पुन्हा अभ्यासाला बसली, तिचं नाव दिव्या. भादव्यातल्या एका सकाळी तिच्या बापानं तिला सायकलवर मागे बसवून आरोग्य केंद्रात आणलं. पडू नये म्हणून तिला त्याच्या पाठीशी लुगड्यानं बांधलं होतं आणि तिचे पाय दोन्ही बाजूंनी लोंबत होते. रात्री चटईवर झोपली, पहाटे पोट दुखतं म्हणाली, आईनं ओवा चावायला दिला. एकदा ओकली. मग पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा घरच्यांना वाटलं, बरं वाटून झोप लागली असेल. मण्यार चावली होती. चावल्याची खूणही अंगावर कुठे नीट दिसत नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, सायमा हवेची पिशवी दाबत राहिली, पण दिव्या दुपार व्हायच्या आत गेली.

सायमा या केंद्रात सिस्टर होती आणि गावोगावच्या बायांना आरोग्याचं शिक्षण देणं हेही तिचंच काम होतं. दिव्याच्या गावात ती त्याच पावसाळ्यात जाऊन आली होती. भिंतीवर तक्ता लावून तिनं सापांची माहिती सांगितली होती आणि समोर बसलेल्या बाया माना हलवत होत्या. त्यांत दिव्याची आई होती. काही दिवसांनी सायमा तिला भेटायला गेली तेव्हा बोलता बोलता तो कार्यक्रम निघाला. ती बाई म्हणाली, "हाव, आल्या होत्या ना तुमी. चिवडा बी देल्ला होता."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तेवढंच आठवत होतं.

त्याच हिवाळ्यात सायमानं एका विद्यापीठाच्या घरबसल्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. मोठ्या माणसांना कसं शिकवायचं आणि शिकवण्याचा आराखडा कसा बांधायचा, असा तो विषय होता. चिमूरला तिचे अब्बू, कमरुद्दीन, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते मान खाली घालून स्क्रू पिळत होते. "मी कोणाला काही समजावत नाही," ते म्हणाले. "बिघडलेली मशीन हातात देतो आणि बाजूला बसतो."

अभ्यासातली पुस्तकं वेगळ्या शब्दांत जवळजवळ हेच सांगत होती. नेटवर्क फक्त क्वार्टरच्या गच्चीवर यायचं. तिथे पाण्याच्या टाकीला टेकून सायमा अभ्यासक्रमाच्या रिना मॅडमचे तास ऐकायची. मॅडम सांगायच्या की मोठं माणूस रिकाम्या मडक्यासारखं येत नाही, स्वतःचं आयुष्य सोबत घेऊन येतं. त्याला काय कळलं पाहिजे हे आधी ठरवू नका, त्याच्या हातून काय झालं पाहिजे ते ठरवा. त्याच्याच घरात, त्याच्याच वस्तूंनी शिकवा. करून बघू द्या, चुकू द्या, पुन्हा करू द्या. सायमा मागे वळून आपले सगळे तक्ते आठवायची. इतकी वर्षं आपण शिकवत नव्हतोच, नुसतं बोलत होतो, असं तिला वाटायचं. पण त्या वाटण्यात एक उमेदही होती. आता नीट करता येईल.

तिनं मण्यारीचाच धडा बांधायला घेतला. शेवटी काय झालं पाहिजे, तर एवढंच की पहाटे कुणी पोट दुखतं म्हटलं की घरातल्या बाईनं त्याच्या पापण्या बघाव्यात, त्याला बोलतं करावं, आणि पापण्या पडत असतील किंवा आवाज नाकातून येत असेल तर बाजेवर घालून गाडीपर्यंत आणावं. माहिती कमी, कृती जास्त. आणि ती कृती खोटी खोटी का होईना, पण प्रत्येकीनं करायची. त्यासाठी कुणीतरी रोगी व्हायला हवं होतं.

नाल्यापलीकडच्या कोसमटोला या पाड्यावर आशाताई रंजीता होती. तिनं लगेच नाव सुचवलं. "बुधरी करते ना. तिच्यासारखं सोंग कोणी करत नाई."

बुधरी त्या टोल्यावरची तरणी बाई, दोन लेकरांची आई. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या गावांत नाटकं सुरू झाली की ती नवऱ्याला, सुकलूला, ओढत वीस-वीस कोस घेऊन जायची आणि परत आल्यावर सगळं नाटक चुलीपाशी बसून एकटीच करून दाखवायची. नायिकेचं रडणं आणि खलनायकाचं हसणं दोन्ही. सायमानं तिला पापण्या कशा पडतात, मान कशी ढळते, आवाज कसा बदलतो ते एकदाच सांगितलं. बुधरीनं तोंडावरून हात फिरवला आणि हात खाली आला तेव्हा चेहरा दुसऱ्याच कुणाचा होता. पापण्या अर्ध्यावर लोंबलेल्या. ती बघण्यासाठी हनुवटी वर करत होती, जशी दिव्या करत होती. 

धडा गोटुलात, टोल्याच्या सामायिक घरात, ठेवायचा ठरला होता. पण पुस्तकात लिहिलं होतं, त्याच्याच घरात. म्हणून तो बुधरीच्या घरातच झाला. चटई अंथरली, बुधरी निजली, मग पोट धरून उठली. बाया आधी हसल्या. मग बुधरीचा आवाज नाकातून यायला लागला तशा गप्प झाल्या. ती जमिनीवर पसरली आणि डोळे मिटून पडून राहिली तेव्हा तिची धाकटी पोरगी रडायला लागली. रंजीतानं पापण्या उचलून बघितल्या, बायांनी बाज आणली, बुधरीला उचलून नाल्यापर्यंत नेलं. तिथे बुधरी टुणकन उठून बसली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एकटी सुकरी, बुधरीची सासू, आली नव्हती. ती अंगणात मोहाच्या टोळ्या फोडून बिया काढत बसली होती. सायमा तिच्याशेजारी जाऊन बसली.

"तुमी काऊन नाई आल्या, सुकरीबाई?"

"मी बघतलं इथूनच." सुकरीनं हातातला दगड खाली ठेवला. "बाई, तुमी चांगल्यासाठी करता. पण सून माह्या घरात मेल्यासारखी निजली. हे चांगलं नाई. घराले सवय लागते."

"घराला?"

"घराले, माणसाले, सगळ्यायले."

सायमानं हे वहीत टिपलं नाही. जुन्या माणसाची भीती म्हणून मनातल्या मनात बाजूला ठेवलं.

धडा गाजला. पंधरा-वीस दिवसांनी सायमा न सांगता गेली आणि एकेकीला विचारलं, तर सगळ्यांना सगळं येत होतं. पापण्या, आवाज, बाज, नाला. कुणी चिवड्याचं नाव काढलं नाही. तिनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ रिना मॅडमना पाठवला. मॅडमनी तो वर्गात सगळ्यांना दाखवला आणि कौतुक केलं. शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला. "तुम्ही शिकवलेलं त्या शिकल्या, हे तुम्ही तपासलं. तुम्ही न शिकवलेलं काय शिकल्या, ते कसं तपासणार?"

 सायमानं विचार करून सांगते म्हटलं.

त्यानंतर आजूबाजूच्या टोल्यांवरून बोलावणी येऊ लागली. धनराज, रुग्णवाहिकेचा चालक, सायमा, बुधरी आणि रंजीताला घेऊन जायचा. बुधरी पुढच्या सीटवर बसायची, केसांना तेल आणि अंगावर नवी साडी. प्रत्येक ठिकाणी तिचं सोंग थोडं वाढत गेलं. कुठे ती नवऱ्याला निरोप सांगून मरायची, कुठे लेकरांना हाका मारत. बाया रडायच्या, मग ती उठली की हसायच्या. सायमाच्या ध्यानात आलं होतं की धडा जरा जास्त लांबतो आहे. पण इतकी माणसं कधीच जमली नव्हती. तिला ते थांबवावंसं वाटलं नाही.

रंजीता एकदा हसत सांगत होती की आता पोट्टे पण तेच खेळतात. एक जण निजतो, बाकीचे त्याला बाजेवर घालून नाल्याकडे पळवतात. आणि बुधरी तर सकाळी सुकलूला घाबरवते. "पापण्या पाडते आन म्हणते, अवं, मले दिसून नाई राह्यलं. तो बिचारा उठून बसते. मग ही हसते. पह्यले फसत होता, आता फसत नाई."

सायमाही हसली. ते हसू गच्चीवर गेल्यावर आपोआप गेलं. तिला काहीतरी लागलं होतं, पण काय ते नेमकं सांगता येत नव्हतं.

पुढचा पावसाळा आला. आषाढात एका सकाळी केंद्रात फोन वाजला. दुसऱ्या एका टोल्यावरून मोटारसायकलनं जाणाऱ्या माणसानं केला होता, एका मुलीला बाजेवर घालून आणतायत, लवकर गाडी पाठवा. धनराज चिखलातून गाडी घालत गेला. पोचला तर बाजेवरची मुलगी उठून बसली आणि पोरं हसत पांगली. तो परत आला तेव्हा गाडीची एक बाजू झाडाला घासलेली होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "पुढच्या टायमाले मी पह्यले विचारीन, खरं हाय का सोंग."

"नाही, धनराजभाऊ. तुम्ही विचारायचं नाही. निघायचं."

"मी निघीन. पण मनात तर येईनच ना."

सायमानं त्या दिवशी त्या टोल्यावर आणि कोसमटोल्यावर निरोप पाठवला की पोरांना हा खेळ खेळू देऊ नका. बुधरीलाही सांगायचं होतं, पण ते भेटून सांगू म्हणून राहिलं. भाताची रोवणी सुरू झाली होती. बाया पहाटे बांध्यांत, भाताच्या शेतांत, उतरायच्या आणि अंधार पडता घरी यायच्या. कुणी भेटत नव्हतं.

रोवणी संपत आली तेव्हा ते झालं. काय घडलं ते सायमाला नंतर तिघांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

पहाटे बुधरी चुलीपाशी गेली आणि परत येऊन चटईवर बसली. पोट दुखते म्हणाली. सुकलू नांगराचं जू खांद्यावर घेऊन निघत होता. त्यानं वळून बघितलं. ती हनुवटी वर करून त्याच्याकडे बघत होती, पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

"आता बस कर," तो म्हणाला. "रोवणा पडला हाय."

ती काहीतरी बोलली. आवाज नाकातून आला. हुबेहूब तसाच. सुकलूला हसू आलं आणि तो गेला.

लेकरं उठली. आई निजलीय म्हटल्यावर त्यांनी शेजारची पोरं गोळा केली. पोरं दारात दाटीवाटीनं उभी राहिली. बुधरीची मान ढळली तशा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठा पोरगा बाज आणायला पळाला, कारण पुढे बाज आणायची असते.

सुकरी परसातून पाणी घेऊन आली. तिनं कधीच या खेळाला दाद दिली नव्हती आणि बुधरी तिच्यापुढे तो कधी करतही नव्हती. म्हणून ती दारातच थबकली. "ऊठ," ती रागावून म्हणाली. बुधरी उठली नाही. सुकरीनं जवळ जाऊन तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळून गळ्याखालची साडी भिजली होती. बुधरीला स्वच्छ राहायचा सोस होता. लोकांसमोर लाळ गाळणं तिनं कधी केलं नसतं. सुकरीनं पोरांना हाकललं आणि रंजीताला बोलवायला धाकटीला पाठवलं.

रंजीता आली. तिनं पापण्या बघितल्या. याच पापण्या तिनं कितीतरी टोल्यांवर बघितल्या होत्या, अशाच. ती बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. मग गोटुलामागच्या उंचवट्यावर जाऊन तिनं फोन लावला.

"सिस्टर, बुधरी निजून हाय. सोंग करून राह्यली का खरं हाय, मले समजून नाई राह्यलं."

सायमा तेव्हा लसीकरणाची तयारी करत होती. तिच्या हातातला थंड डबा तिनं टेबलावर ठेवला. प्रश्न कानावर पडला त्याच क्षणी रिना मॅडमचं ते वाक्य, न शिकवलेलं काय शिकल्या, तिला आठवलं असं ती पुढे म्हणायची. पण तेव्हा ती फक्त रंजीताशी बोलली.

"तिला मोठ्यानं एक, दोन, तीन म्हणायला सांग."

"सांगतलं. म्हणत नाई. बोलतच नाई."

"श्वास?"

"चालू हाय. पण बारीक."

"रंजीता, ऐक. खोटं निघालं तर मी रागावणार नाही, कुणीच रागावणार नाही. तू तिला कुशीवर वळव, तोंडात पाणी घालू नको, आणि बाजेवर घालून नाल्यापाशी आण. मी पलीकडे उभी राहते."

"माणसं नाईत सिस्टर, सगळे बांध्यांत हायेत."

"बांध्यांतून बोलाव."

डॉक्टरांना सांगून, इंजेक्शनं आणि हवेची पिशवी घेऊन सायमा गाडीत बसली. धनराजनं काही विचारलं नाही. 

बांध्यांत रंजीताचा आवाज गेला तेव्हा काय झालं, ते रंजीतानं नंतर रडत सांगितलं. ती ओरडत होती, बुधरीले साप लागला, बाज धरायले या. आणि माणसं कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होती. एक जण म्हणाला, "आजची ट्रेनिंग कोणाच्या गावात हाय?" दुसरा म्हणाला, "दुपारून करा ना, आता रोवणा हाय." सुकलूही त्यांतच होता. तो हलला नाही. मग शेताच्या धुऱ्यावरून सुकरी येताना दिसली. ती म्हातारी घराबाहेर कधी पळत नसे. ती पळत होती, डोक्यावरचा पदर पडलेला होता, आणि ती काहीच बोलत नव्हती. सुकलूच्या हातातून जू खाली पडलं.

नाल्याला पाणी होतं, मांडीच्या वर. पलीकडच्या काठावर सायमाला ती मिरवणूक दिसली. चौघांनी धरलेली बाज, पुढे रंजीता, मागे पोरं. हेच तिनं बसवलं होतं. माणसं कुठे पाय ठेवतात, बाज कशी तिरकी होऊ देत नाहीत, डोकं कोणत्या बाजूला ठेवतात, सगळं बिनचूक होतं. शिकवलेलं काहीही कुणी विसरलं नव्हतं. फक्त निघायला उशीर झाला होता.

बाज डोक्यावर घेऊन ते पाण्यात उतरले. काठावर येईपर्यंत बुधरीचा चेहरा राखेसारखा झाला होता. छाती हलत होती की नाही ते कळत नव्हतं. सायमानं तिथेच चिखलात गुडघे टेकले, तोंडावर मास्क धरला आणि पिशवी दाबली. छाती वर आली. सोडली, खाली गेली. पुन्हा दाबली.

"मेली का?" कुणीतरी मागून विचारलं.

"नाही. आणि ती ऐकते आहे, तेव्हा असं बोलू नका."

गाडीत शिरल्यावर इंजेक्शनासाठी शीर शोधायला तिला दोन्ही हात हवे होते. रंजीता मास्क घट्ट धरून बसली. पिशवी कुणाच्या तरी हातात द्यायला हवी होती. सुकलू समोर बसला होता, चिखलानं माखलेला.

"इकडे या. हात द्या." सायमानं त्याचे दोन्ही हात पिशवीवर ठेवले आणि वरून आपले. "जोरात नाही. तिची छाती बघा. वर आली की सोडा. आता तुम्ही जसा श्वास घेता तसाच तिचा. तुम्ही घेतला की तिला द्या."

पहिल्यांदा त्यानं घाईनं दाबलं. हवा बाजूनं फुस्सकन निघाली. "पुन्हा," सायमा म्हणाली. दुसऱ्यांदा छाती थोडी उचलली. तिसऱ्यांदा नीट. सायमानं आपले हात काढून घेतले तरी त्याला कळलं नाही. तो छातीकडे बघत होता, स्वतः श्वास घेत होता आणि तिला देत होता. इतक्या जलद कुणी काही शिकलेलं सायमानं कधी बघितलं नव्हतं. आणि ते बघताना तिला जराही बरं वाटलं नाही.

"तिच्याशी बोला," ती म्हणाली. "ती जागी आहे."

सुकलूनं तोंड उघडलं.  मग तो म्हणाला, "बुधरी, मी हासलो." आणि पुन्हा पिशवी दाबली. सगळ्या रस्ताभर तो एवढंच म्हणत राहिला.

केंद्रात डॉक्टरांनी पुढचे डोस दिले. तिथे श्वास देणारं यंत्र नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता जंगलातून होता आणि दोन ठिकाणी तो पावसानं खचलेला होता. धनराज गाडी जपून काढत होता, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. सुकलूचे पंजे आखडले की सायमा घ्यायची, तिचे आखडले की रंजीता. एका वळणावर गाडी रुतली तेव्हा रस्ता दुरुस्त करणारे मजूर धावत आले. त्यांत धडा बघितलेला एक जण होता. त्यानं काचेतून बुधरीला ओळखलं आणि तो हसला. मग त्यानं सुकलूचं तोंड बघितलं आणि निमूट मागे जाऊन गाडीला खांदा लावला.

बुधरी वाचली. बरेच दिवस ती यंत्रावर होती, मग एक दिवस तिच्या पायाचा अंगठा हलला. नळी काढल्यावरही ती कितीतरी वेळ बोलायला तयार नव्हती. तिला भेटायला सायमा गेली तेव्हा ती पलंगावर टेकून बसली होती. नर्स सांगत होती की ती आडवी होत नाही, झोपसुद्धा बसूनच घेते.

"मले सगळं ऐकू येत होतं," बुधरी म्हणाली. आवाज घोगरा होता, शब्द सावकाश येत होते. "हे गेले ते पावलं ऐकले. मी म्हणत होती, थांबा. आतल्या आत म्हणत होती. पोट्टे आले. त्यायनं टाळ्या वाजवल्या. माही पोरगी पण वाजवून राह्यली होती, मले तिच्या बांगड्या ऐकू आल्या."

सायमानं दिलेल्या पेल्यातलं पाणी ती दोन घोट प्याली.

"मी इचार केला, आता वेगळं काहीतरी करून दाखवावं लागते, मंग समजेल यायले. पण वेगळं काय करू? सगळं तर मी आधीच करून टाकलं होतं."

तिनं डोळे मिटले आणि लगेच दचकून उघडले.

"सिस्टर, तुमचा काई दोष नाई. मलेच मजा येत होती." मग ती खिडकीकडे वळली. "आपण किती गावात गेलो हो?"

तोच हिशेब सायमाच्या डोक्यात चालू होता.

तिनं रिना मॅडमना सगळं लिहून पाठवलं. मॅडमचा फोन आला.  त्या म्हणाल्या, "हे परत शिकवावं लागेल. शिकवलेलं काढून टाकता येत नाही. त्याच्यावर दुसरं काही ठेवावं लागतं."

"काय ठेवू?"

"ते तुम्हालाच ठाऊक असणार."

सायमानं नवा धडा बांधला. त्यात कुणी सोंग घ्यायचं नव्हतं. कापडाची बाहुली होती, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होती, की खरं की खोटं हे घरात ठरवायचं नाही, ठरवायला केंद्र आहे. ती आणि धनराज एकेक टोला पालथा घालू लागले. लोक ऐकायचे, पण पूर्वीसारखे जमायचे नाहीत. एका ठिकाणी एक बाई म्हणाली, "बुधरीले काऊन नाई आणलं? तिच्याबिगर मजा नाई." सायमानं बुधरीचं काय झालं ते सांगितलं. बायांनी पदर तोंडाला लावले. पण मागे बसलेली एक पोर आपल्या मैत्रिणीकडे बघून पापण्या पाडत होती.

कोसमटोल्यावर सुकरीनं तिला घरात बोलावलं नाही. अंगणातच बाज टाकली, पाणी दिलं. "सून आली घरी," ती म्हणाली. "पण दुपारी कोणी जरा आडवं झालं की ती त्याले हालवून उठवते. लेकरायले निजू देत नाई."

शेवटचा टोला उरला होता तो मोठ्या नाल्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथे फोन लागत नव्हता. पूल नव्हता. पाणी उतरायची वाट बघत चार दिवस गेले आणि पुन्हा वरच्या अंगाला पाऊस झाला. निरोप घेऊन जायला कुणी तयार होईना. शेवटी सायमा काठावर तरी जाऊन बघू म्हणून गेली. दुपार कलली होती. पाणी तांबडं, झाडांची खोडं वाहून आणणारं, आणि त्याचा आवाज इतका की शेजारी उभ्या असलेल्या धनराजचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. ये-जा करायचा लाकडी डोंगा काठाला उलटा करून ठेवलेला होता.

पलीकडे मोहाच्या झाडाखाली काही बाया दिसल्या. त्यांनी सायमाचा पांढरा कोट ओळखला. एकीनं दुसरीला हाक मारली, आणखी चार-पाच जणी आल्या, पोरं आली. सगळ्यांनी हात हलवले. सायमानं तोंडापाशी हात धरून ओरडून बघितलं. आवाज पाण्यातच बुडाला.

पलीकडच्या एका बाईला वाटलं असावं की सिस्टर विचारते आहे, धडा आठवतो का. ती घोळक्यातून पुढे आली. तिनं पोट धरलं. हनुवटी वर केली. मग मान एका बाजूला टाकून ती हळूच मागे कोसळली आणि बाकीच्यांनी तिला वरच्यावर झेललं. त्या सगळ्या हसत होत्या, ते इकडूनही दिसत होतं.

सायमानं दोन्ही हात वर केले आणि नको, नको म्हणून जोरजोरात हलवले.

त्यांनीही हात हलवले. मग पाऊस येईलसं वाटून त्या पोरांना पुढे घालून घरांकडे निघून गेल्या. त्यांतली एक मागे राहिली होती, झाडाला टेकून बसलेली. ती दमली होती, की कुणाची वाट बघत होती, की आणखी काही, हे एवढ्या अंतरावरून सायमाला कळत नव्हतं. ती काठावर उभी राहून तिच्याकडे बघत राहिली.

"चला सिस्टर," धनराज तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "पाणी वाढून राह्यलं."

"थांबा," सायमा म्हणाली. "ती उठू दे."